खळगा पडेल तो पास

जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आबांना कठीणपणाची पारख होती. उभी नोकरी त्यांनी गन कॅरेज फॅक्टरीत काढली. 1904 सालच्या या कारखान्यात तोफा आणि तोफांचे गाडे तयार होतात, आणि आबा तिथल्या तपासणीत. पोलादाच्या तुकड्यावर दहा मिलिमीटरची गोळी ठेवायची, तिच्यावर तीन हजार किलोंचा भार द्यायचा, भार काढला की तुकड्यावर उमटलेला खळगा सूक्ष्मदर्शकातून मोजायचा. खळगा लहान, तर माल कठीण. ठरल्यापेक्षा मोठा निघाला की तुकडा बाद. ब्रिनेल नावाच्या स्वीडिश इंजिनिअरने 1900 साली काढलेली ही तऱ्हा आबांच्या इतकी अंगवळणी पडली होती, की खुर्ची असो, नातीची सायकल असो, नाहीतर जावयाची नोकरी, ते एकच विचारायचे: पक्कं आहे का?

पावसाळ्याच्या तोंडावर नातीने रस्त्यावरचं एक पिल्लू उचलून आणलं. तांबूस रंग, शेपटीचं वेटोळं, म्हणून नाव पडलं जिलबी. चार महिन्यांची झाली तशी जिलबीने घर कुरतडायला घेतलं. आधी चपला, मग पाटाची कड, मग आबांच्या काठीची मूठ. आजी कावली. नात म्हणाली, "दात येताहेत तिला, काहीतरी चावायला द्या की."

आता द्यायचं काय, यावर घरात तीन मतं. शेजारच्या काकू रविवारच्या रश्शातली कोंबडीची हाडं बाजूला काढून ठेवते म्हणाल्या. आजीला वाटलं, शिऱ्यातले चार बेदाणे द्यावेत, मऊही आणि देवाचा प्रसादही. आबांनी दोघींकडे दुर्लक्ष केलं आणि सदर बाजारात गेले. परतले ते पिवळसर रंगाचा, बोटाएवढ्या जाडीचा एक दांडका घेऊन. चुरपी. हिमालयातल्या गावांत दूध फाडून, दाबून, महिनोन्‌महिने वाळवून करतात तो प्रकार. दुकानदार म्हणाला होता की याच्याइतकं टिकणारं दुसरं काही नाही. आबांनी तो फरशीवर आपटून पाहिला. खण्ण आवाज आला. "शुद्ध दुधाचं, आणि लोखंडासारखं पक्कं," आबा खूश. वस्तू महाग, टिकाऊ आणि शाकाहारी. एवढ्या तीन गुणांवर आपल्याकडे मुलीची सोयरीकसुद्धा होते.

जिलबीही खूश होती. दोन दिवस दांडका सोडेना. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र तो कोपऱ्यात पडलेला आणि जिलबी वाटीतल्या दूधभाताला तोंड लावेना. नातीने तिचा ओठ वर करून पाहिला. वरचा डावा सुळा अर्ध्यात तुटला होता, आणि तुटल्या जागी मधोमध टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका.

सकाळी आबा, नात आणि पंचात गुंडाळलेली जिलबी रिक्षाने पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात पोचले. 1948 सालचं हे महाविद्यालय आता नानाजी देशमुखांच्या नावाच्या विद्यापीठात मोडतं. हिंगोलीकडच्या कडोळीच्या माणसाचं नाव इथे आहे, हे आबा एरवी येणाऱ्या-जाणाऱ्याला आवर्जून सांगत. आज सांगितलं नाही.

डॉक्टर तरुण होती, पांढुर्ण्याची, मराठी बोलणारी. तिने टॉर्च धरून दात पाहिला. "काका, हा काढावा लागेल. लाल दिसतंय ती दाताची नस. ती उघडी पडली की जंतू मुळापर्यंत जातात, आणि मुळाशी पक्क्या दाताचा कोंब असतो, तोही नासतो."

"पण दुधाचाच दात ना? आपोआप पडला असता," आबा म्हणाले.

"पडला असता. अठ्ठावीस दुधाचे पडून सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस पक्के येतात. पण तोपर्यंत तुटक्या दाताने थांबायचं नाही." मग तिने विचारलं, "चावायला काय दिलं होतं?"

आबांनी खिशातून दांडका काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरने तो उचलला आणि त्याच्यावर अंगठ्याचं नख रोवलं. जोर लावला. मग दांडका आबांपुढे धरला. "बघा. काही उमटलं?"

काहीही उमटलं नव्हतं.

"म्हणून नापास," ती म्हणाली. "नखाचा खळगा पडला पाहिजे. नाही पडला, तर दात आणि वस्तू यांच्यात आधी दात हरतो. कुत्र्याच्या दातावरचं कवच मिलिमीटरभरही जाड नसतं. तिकडच्या पहाडातली माणसं चुरपी खातात, पण गालात धरून तासन्‌तास चघळतात. हिने ती कडाकडा फोडायला घेतली."

आबा त्या दांडक्याकडे बघत राहिले. चाचणी त्यांचीच होती. दाबायचं, खळगा बघायचा. फक्त निकाल उलटा.

तोफेला कठीण पोलाद लागतं, कारण तिला मार सोसायचा असतो. इथे वस्तूनेच हार खायची होती. माप चुकलं नव्हतं, कुणासाठी मापतोय तेवढं पाहायचं राहिलं होतं.

नातीने शेजारच्या हाडांचं विचारलं. डॉक्टर दचकलीच. "शिजवलेलं हाड ठिसूळ होतं, फुटलं की सुयांसारखे तुकडे. ते घशात नाहीतर आतड्यात घुसतात." चामड्याच्या गुंडाळ्या पोटात फुगतात, तेव्हा त्याही सांभाळूनच. आणि सध्याच्या दिवसांत तिचा मुख्य राग होता भुट्ट्यावर. ग्वारीघाटापासून भेडाघाटापर्यंत पाऊस पडला की कोळशावर भुट्टे भाजायला लागतात, लोक दाणे खातात आणि उरलेला दांडा फेकतात. कुत्रं त्याचा तुकडा गिळतं. तो पचत नाही, आतड्यात अडकून बसतो, एक्स-रेत चटकन दिसतही नाही, शेवटी पोट उघडावं लागतं.

"बेदाणे तर मऊ असतात ना?" नातीने आजीची बाजू मांडली.

"मऊ असतात, पण विष. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि कुणाला किती बाधतील याचा नेम नाही. एकसुद्धा देऊ नका." म्हणजे नखाची परीक्षा पास झालेला मालही खपेलच असं नाही, हे आबांच्या ध्यानात आलं. कारखान्यातही कठीणपणानंतर आणखी चार चाचण्या असत.

दात निघाला, चार दिवस मऊ पेजेवर गेले, जिलबी पुन्हा काठीच्या मुठीकडे वळली. आजीने जुन्या पंचाला गाठी मारल्या, ओला केला आणि फ्रीजमध्ये गार करून तिच्यापुढे टाकला. सुजलेल्या हिरड्यांना थंडावा मिळाला. जिलबीने अर्धी दुपार त्याच्याशी झटापट केली. पंचा गेला, काठी वाचली. अर्थात दशा निघायला लागल्या की आजी तो ओढून घ्यायची, कारण दोरे पोटात गेले तर तेही भुट्ट्याचे भाऊ.

पुढच्या आठवड्यात आबा पुन्हा सदर बाजारात. दुकानदाराने ओळखलं आणि म्हशीचं वाळवलेलं खूर पुढे केलं. "बाबूजी, ये सालभर नहीं टूटेगा. गारंटी."

आबांनी नख रोवलं. "रिजेक्ट."

"अरे, पक्का माल है!"

"पक्का है, इसीलिए."

मग त्यांनी पिल्लांसाठीची रबराची खेळणी मागवली. एकेकावर नख दाबून पाहिलं. खळगा पडला की बाजूला, नाही पडला की परत. त्यातून जिलबीच्या अख्ख्या तोंडात मावतील अशी लहान लहान काढून टाकली. गिळता येता कामा नये. ज्याचा चिमटीने तुकडा निघू पाहत होता तेही गेलं. उरलं एक, निळं, पोकळ, आत शिजवलेलं गाजर कुस्करून भरता येईल असं. दुकानदाराने ते हातात घेऊन वाकवून दाखवलं आणि तोंड वाकडं केलं. "बाबूजी, ये तो चार हफ्ते में फाड़ देगी."

आबांनी पिशवी पुढे केली. "तो चार हफ्ते बाद फिर आऊँगा."