कहाणीला तिथी असते

अंगारकीच्या आदल्या रात्रीपासूनच जालना–भोकरदन रस्त्यावर माणसं चालत असतात. राजूरच्या गणपतीला पायी जायचं, हा आमच्या भागातला नेम. मंदिराच्या वाटेवर हार-दुर्वा, पेढे, खेळणी, बांगड्या यांची दुकानं लागतात आणि त्यांतच एखादा पोथ्यावाला प्लास्टिकचा कागद अंथरून बसतो. संकष्टीची कथा, सोळा सोमवार, वैभवलक्ष्मी. खेड्यातली बाई स्वतःच्या पैशांनी विकत घेते ते पुस्तक बहुधा हेच. या कथा कुणी लिहिल्या ते ना घेणारीला ठाऊक, ना विकणाऱ्याला. तरी त्या टिकल्या, कारण त्यांना तिथी आहे. चतुर्थी आली की पोथी डब्यातून बाहेर निघते आणि चंद्र उगवायच्या आत वाचून होते.

कादंबरीला तिथी नसते. प्रकाशकानं पुन्हा छापली, अभ्यास मंडळानं नेमली, ग्रंथपालानं मागवली, तरच ती जगते. तिघांनीही हात आखडला की चांगलं चाललेलं पुस्तकसुद्धा एका पिढीत कपाटाच्या मागच्या रांगेत जातं. काशीबाई कानिटकरांच्या बाबतीत हेच घडलं.

काशीबाई 1861 साली सांगलीजवळच्या आष्ट्याला बापटांच्या घरी जन्मल्या. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोविंदराव शिकलेला, कविता करणारा, पुढे मुन्सफ झालेला. त्याला शिकलेली बायको हवी होती. घरच्यांना मुळीच नको होती. या ओढाताणीत त्या चोरून वाचायला शिकल्या आणि पंचविशीच्या आसपास कादंबरी लिहू लागल्या. ‘रंगराव’ मासिकातून क्रमशः येऊ लागली 1886 च्या सुमारास. तिचं पुस्तक व्हायला 1903 उजाडलं. मधल्या काळात 1887 साली आनंदीबाई जोशी गेल्या. त्यांची पत्रं गोळा करून काशीबाईंनी त्यांचं चरित्र लिहिलं. आनंदीबाई आज घराघरात माहीत आहेत. त्यांच्यावर कादंबरी झाली, मालिका झाली, सिनेमा झाला. ती पत्रं जपून छापणारी बाई मात्र तळटीपेत राहिली.

काशीबाई अगदीच विसरल्या गेल्या असंही नाही. सरोजिनी वैद्यांनी त्यांचं आत्मचरित्र संपादित केलं, मीरा कोसंबींनी इंग्रजीत त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. पायात जोडे आणि हातात छत्री घेऊन पुण्याच्या रस्त्यानं निघाल्या म्हणून लोकांनी दगड मारले, हा प्रसंग आठ मार्चच्या भाषणांतून अजून ऐकू येतो. मला खटकतं ते इथेच. आपण लेखिकेच्या सोसण्याची कहाणी केली, तिला तिथीही नेमून दिली, आणि तिनं लिहिलेलं मिटून ठेवलं. दगड खाल्ल्यानं कुणी कादंबरीकार होत नाही. कादंबरी लिहिल्यानं होतं.

हरि नारायण आपटे हे कानिटकर पतिपत्नींचे स्नेही. 1890 पासून ‘करमणूक’मध्ये त्यांची ‘पण लक्षात कोण घेतो!’ येऊ लागली आणि यमूनं स्वतःच्या तोंडानं सांगितलेली ती हकिकत मराठी घरांनी डोळ्यांत पाणी आणून वाचली. कादंबरीकार म्हणून हरिभाऊ काशीबाईंपेक्षा सरसच, हे मान्य करायला मला जड जात नाही. पण बाईचं मन जाणून घ्यायला आपण पुरुषाचं पुस्तक उचललं आणि त्याच वेळी, त्याच वर्तुळात लिहीत बसलेल्या बाईचं बाजूला ठेवलं, ही निवड निव्वळ गुणवत्तेची नव्हती.

जर्मनीतही याच सुमाराला असंच झालं. गाब्रिएले रॉयटर या लेखिकेची 1895 सालची कादंबरी चांगल्या घरातल्या एका मुलीची. लग्न जमत नाही, काम करायची मुभा नाही. पुस्तकं वाचायची, तर तीही घरातली माणसं निवडून देणार. आतल्या आत कुढत शेवटी तिचं मन ढळतं. कादंबरी धो धो खपली. पुढे थोमास मानसारख्या लेखकानं रॉयटरबाईंवर कौतुकानं लिहिलं. 1895 सालीच थेओडोर फोंटानची ‘एफी ब्रीस्ट’ पुस्तकरूपात आली, तीही एका घुसमटलेल्या बाईचीच. फोंटान जर्मन शाळांच्या अभ्यासक्रमात जाऊन बसले. रॉयटर 1941 साली वारल्या, तोवर त्यांचं नाव मागे पडलं होतं.

काशीबाई गेल्या 30 जानेवारी 1948 ला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत कुणाचं नाव होतं ते सांगायला नको. राजूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं आणि वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूत चाले. आमच्या आज्यांपर्यंत पुण्याची कादंबरी पोचावी कशी?

आता मात्र पोचायला हवी, आणि ‘रंगराव’पेक्षा ‘पालखीचा गोंडा’ आधी. ही कादंबरी त्यांनी 1928 साली, सदुसष्टाव्या वर्षी प्रसिद्ध केली. एका संस्थानाचा कारभार बाईच्या हाती आला, बायका शिकल्या, कचेरीत बसल्या, हुकूम देऊ लागल्या तर राज्य कसं चालेल, याचं ते कल्पनाचित्र. तेव्हाच्या पुण्यात ते स्वप्नरंजन वाटलं असेल. महाराष्ट्रात 2011 पासून स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत आणि मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्यात ‘सरपंचपती’ कोण, हे शेंबडं पोरही सांगतं. खुर्ची बाईची, शिक्का बाईच्या नावाचा, आणि फोन उचलणारे साहेब दुसरेच. अशा बाईला आठ मार्चची दगडांची गोष्ट ऐकवून काय मिळणार? ते सोसणं तिला ठाऊक आहे. कारभार प्रत्यक्षात हातात घेतल्यावर काय करायचं, याचा विचार शंभर वर्षांपूर्वी एका मराठी बाईनं केला होता, हे तिला कुणी सांगितलेलं नाही. गावोगावच्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयांना वर्षाकाठी थोडंफार अनुदान मिळतं. त्यात स्पर्धा परीक्षांची पुस्तकं येतात, ‘मृत्युंजय’ची नवी प्रत येते. खरेदीच्या यादीत आणखी एका ओळीला जागा असते.