अगदी स्पष्ट सांगा हं!

जगात काही प्रश्न उत्तरासाठी विचारलेले नसतात. चपला घालून दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला आपण विचारतो, "आता जेवूनच जा ना?" हा त्यातलाच एक. 'मी जाड झालेय का हो?' हा दुसरा. पण या साऱ्या प्रश्नांचा मुकुटमणी म्हणजे, "फोटो कसे वाटले? अगदी स्पष्ट सांगा हं!" यातल्या 'अगदी स्पष्ट' या शब्दांवर जितका जोर, तितकं ऐकणाऱ्याने ओळखावं की इथे स्पष्टपणाचं काम नाही.

लग्नामुंजीच्या फोटोंबद्दल ही अडचण येत नाही. त्यात आधी आपण कुठे आहोत ते शोधायचं. सापडलो आणि डोळे उघडे असले, की फोटो छान. डोळे मिटलेले असले, तर फोटोग्राफर बेकार. निवाडा सोपा असतो. पंचाईत होते ती प्रवासात काढलेल्या डोंगर, नदी, ढग यांच्या फोटोंची. त्यात माणूसच नसतो! पूर्वी आग्फाच्या क्लिक थ्री कॅमेऱ्यात रोल घातला की मोजून बारा फोटो निघत. त्यातला एखादा नुसत्या डोंगरावर खर्च करणारा माणूस घरात उधळ्या ठरे. "यात कोणीच कसं नाही?" हा आजीचा प्रश्न आणि "रोल फुकट येतो काय?" हा वडिलांचा. समीक्षा तिथेच संपायची.

आता रोल फुकटच झाला आहे. त्यामुळे आमच्या वरच्या मजल्यावरचे शेजारी निवृत्तीनंतर लडाखला गेले, ते दहा दिवसांत चारशे बारा फोटो घेऊन आले. त्यांतले साठ निवडून त्यांनी चांगले मोठे छापून घेतले आणि सोसायटीत घरोघर फिरवले. सोबत अर्थातच 'अगदी स्पष्ट सांगा हं!'

या निमित्ताने अभिप्राय देणाऱ्या माणसांच्या जाती मला जवळून पाहता आल्या. पहिली आणि सर्वांत मोठी जात 'छान'वाल्यांची. हे लोक नोटा मोजाव्यात तसे फोटो सरकवतात आणि दर चौथ्या फोटोला एक 'छान' ठेवतात. दुसरी जात प्रवाशांची. यांना फोटो पाहिला की स्वतःची सहल आठवते. "आम्ही गेलो होतो तेव्हा बर्फ होता," असं ते अशा सुरात सांगतात, की बर्फ नसणं हा फोटोग्राफरचा हलगर्जीपणा वाटावा. तिसरी जात चौकश्यांची. "हॉटेल कितीला पडलं? जेवण आपल्यासारखं मिळतं का?" चौथी "कॅमेरा कुठला?" असं विचारणारी. स्वयंपाक चांगला झाला तर कढई कुठल्या दुकानातली, असं विचारण्यापैकी हा प्रकार. आणि पाचवी जात निंदकांची. निंदकाला शेजारी जागा द्यावी, असा जुना सल्ला आहे. पण सल्ला देणारे सोसायटीत राहत नव्हते. आमच्याकडच्या निंदकांनी पहिल्याच फोटोला "सगळं बोगस आहे" असं सांगितलं आणि चष्मा आणायला आत गेले.

आता प्रश्न असा, की चांगल्या माणसाने अशा वेळी करावं काय? खरं बोलून शेजाऱ्याचं मन मोडावं, की खोटं बोलून त्याचा चहा गोड करावा?

हा प्रश्न थोरामोठ्यांनी पूर्वीच हाताळलेला आहे. जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट याने १७९७ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, एक निबंध लिहून बजावलं की कुणाच्या भल्यासाठीसुद्धा खोटं बोलण्याचा हक्क माणसाला नाही. उदाहरण त्याने मोठं भयंकर घेतलं आहे. दारात खुनी उभा आहे आणि तुमच्या घरात लपलेला तुमचा मित्र कुठे आहे, असं विचारतो आहे. कांट म्हणतो, तरी खोटं बोलू नका! कांटचं ठीक आहे. तो जन्मभर आपल्या गावाचा परिसर सोडून फारसा कुठे गेला नाही आणि फोटोग्राफी तर त्याच्या हयातीत यायचीच होती. त्याच्या दारात फार तर खुनी येईल. लडाखहून परतलेला शेजारी येण्याची भीती नव्हती.

गंमत म्हणजे त्याच १७९७ साली लंडनमध्ये जॉन थॉमस स्मिथ नावाच्या चित्रकाराने खेड्यापाड्यांच्या निसर्गचित्रांवर पुस्तक लिहून 'रूल ऑफ थर्ड्स'ला नाव दिलं. म्हणजे चित्राचे निम्मे निम्मे भाग करू नका. आकाश दोन भाग तर जमीन एक भाग, किंवा उलट. तिकडे एकाने खोटं बोलण्याची सोय काढून घेतली, इकडे दुसऱ्याने चुका काढण्याची सोय करून दिली. त्या एका वर्षाने हौशी फोटोग्राफरांची दोन्हीकडून कोंडी केली म्हणायची.

आपल्याकडचा एक प्रसिद्ध संस्कृत श्लोक जरा मवाळ आहे. खरं बोलावं, गोड बोलावं, पण कडू खरं बोलू नये, असं तो सांगतो. एवढा अर्धा श्लोक आपल्या सर्वांना पाठ असतो. उरलेल्या अर्ध्यात 'गोड खोटंही बोलू नये' असं आहे, पण तिथपर्यंत कुणी जात नाही. चहा आलेला असतो.

मला मात्र विचारांती असं वाटू लागलं आहे, की आपलं 'छान' हे खोटं नसतंच. खोटं बोलायलासुद्धा आधी खरं काय ते माहीत असावं लागतं. त्यासाठी फोटो बघावा लागतो. 'छान'वाल्याने तो बघितलेलाच नसतो. त्याच्यापाशी लपवायला सत्यच नाही, तर तो बिचारा असत्य कुठून बोलणार? मोबाइलवर उमटणारा तो पिवळा अंगठासुद्धा फक्त पोच असतो. रजिस्टर पत्राची पावती सही करून परत यावी, तसा. पत्र वाचलं की नाही, हे त्या सहीवरून कळत नाही.

आणि फोटो काढणाऱ्याला दुसऱ्याच्या डोळ्यांची खरी गरज असते, कारण त्याला स्वतःचा फोटो दिसतच नाही. त्याला तो आठवतो. आमच्या शेजाऱ्यांच्या पॅन्गाँग तलावाच्या फोटोत त्यांना चौदा हजार फुटांवरची थंडी जाणवत होती, कानाला लागणारा वारा ऐकू येत होता. आम्हाला दिसत होता तो कागद. त्यात वर अर्धं आकाश, खाली अर्धं पाणी, मध्ये भगवे-तपकिरी डोंगर, उजवीकडे टेम्पो ट्रॅव्हलरचा आरसा, आणि सिनेमामुळे गाजलेल्या पिवळ्या स्कूटरवर बसलेली कुणीतरी अनोळखी बाई. शिवाय क्षितिज असं कललेलं, की तलावाचं उरलंसुरलं पाणीही तिबेटात ओघळून जाईल.

हे साठ फोटो घेऊन ते एकदा आमच्या गल्लीतल्या जुन्या स्टुडिओवाल्यांकडे गेले. सोबत मी होतो. स्टुडिओवाल्यांचं वय पंचाहत्तरीच्या पुढे. डार्करूमच्या जागी आता झेरॉक्सचं मशीन आहे. शेजाऱ्यांनी नेहमीचं वाक्य म्हटलं, "अगदी स्पष्ट सांगा." स्टुडिओवाल्यांनी चष्मा पुसला, पॅन्गाँगचा फोटो घेतला आणि बघत बसले. एक मिनिट गेलं. शेजाऱ्यांना ते सहन होईना. ते सांगू लागले, "तिथे ऑक्सिजन इतका कमी होता की..." स्टुडिओवाल्यांनी नुसता हात वर केला.

मग त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही तिथं थांबलात ते काय बघून?"

शेजारी गोंधळले. इतक्या घरांत फोटो फिरले, हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. जरा वेळाने म्हणाले, "ढगाची सावली. डोंगरावरून चालली होती. एकदम असं वाटलं की डोंगरच चाललाय. आमची ही असती तर..." आणि थांबले. काकूंना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. लडाखचा बेत मुळात दोघांचा होता.

स्टुडिओवाल्यांनी खणातून पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे काढले, एकमेकांवर उलटे ठेवून चौकट केली आणि ती फोटोवर सरकवायला लागले. आकाश गेलं. टेम्पोचा आरसा गेला. पिवळी स्कूटर बाईसकट गेली. पुठ्ठा जरा तिरका फिरवल्यावर तलाव सरळ झाला. उरली पाण्याची एक निळी पट्टी, तिच्यावर डोंगर, आणि डोंगरावर अर्ध्या वाटेत ती सावली. पत्त्याएवढा तुकडा.

"फोटो आहे," ते म्हणाले, "पण इथं आहे. पुढच्या खेपेला चार पावलं पुढं जायचं, म्हणजे मधलं सामान आपोआप बाजूला होतं. आणि सावली मध्यावर येईपर्यंत थांबायचं. ती येतेच."

शेजारी त्या तुकड्याकडे बघत राहिले. "हेच," ते म्हणाले. "मी हेच पाहिलं होतं."

पाहा, इथे 'छान' हा शब्द आला नाही आणि 'बोगस'ही आला नाही. कडू खरं नव्हतं आणि गोड खोटंही नव्हतं. म्हणजे त्या श्लोकाच्या दोन्ही अर्ध्या भागांत बसणारं बोलता येतं, फक्त त्याला जरा वेळ लागतो.

मोठ्यांच्या जगातही हिशेब तोच. १९३३ साली एकतीस वर्षांचा अॅन्सेल अॅडम्स आपले फोटो घेऊन न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिग्लिट्झच्या गॅलरीत गेला. स्टिग्लिट्झ सत्तरीला टेकलेला, दरारा मोठा. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून अॅडम्स खोली गरम ठेवणाऱ्या वाफेच्या नळ्यांवर टेकला. स्टिग्लिट्झने एकेक फोटो पाहिला, पुडकं बंद केलं, पुन्हा उघडलं आणि सगळे फोटो परत पहिल्यापासून पाहिले. सगळं मुकाट्याने. पुढे त्याने तोंड भरून कौतुक केलं आणि १९३६ साली आपल्याच गॅलरीत अॅडम्सचं प्रदर्शन भरवलं, हे खरं. पण मला हेवा वाटतो तो दुसऱ्यांदा उघडलेल्या त्या पुडक्याचा. खालून बूड भाजत असताना माणूस ज्यासाठी बसून राहतो, ते हे.

अर्थात मागणाऱ्याचीही काही जबाबदारी आहेच. ज्याला खरंच अभिप्राय हवा, त्याने साठ फोटो नेऊ नयेत, सहा न्यावेत. ऑक्सिजनची गोष्ट सांगू नये. आणि 'अगदी स्पष्ट सांगा' असं तर मुळीच म्हणू नये. 'मला यात अमुक दाखवायचं होतं, दिसतंय का?' एवढंच विचारावं. मग समोरच्याला खुनी आणि मित्र यांच्यातून निवड करावी लागत नाही. दिसतंय किंवा नाही दिसत, एवढं कुणीही सज्जन माणूस चहा न टाळता सांगू शकतो.

तेव्हा, तुमचा फोटो हातात घेऊन कुणी लगेच 'छान' म्हणालं, तर आभार मानावेत आणि फोटो परत घ्यावा. पण कुणी तो घेऊन बराच वेळ गप्पच बसलं, तर घाबरू नका. मुकाट्याने चहाचं आधण ठेवा. तो माणूस बघतो आहे.