खाजणातला निसर्ग कोणाचा?

मानवी हात लागलेल्या भूमीला निसर्ग म्हणून स्वतःचे मूल्य उरते काय, हा पर्यावरणनीतीतील मूलभूत प्रश्न गोव्याच्या खाजणांपाशी तीव्रतेने उभा राहतो. खाजण म्हणजे मांडवी-जुवारीसारख्या नद्यांच्या काठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. बांधात बसवलेल्या 'मानस' नावाच्या दारांची लाकडी झापे भरतीच्या दाबाने आपोआप मिटतात आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. त्यामुळे पावसाळ्यात खारेपणा सोसणारे कोरगुट भात पिकते, कापणीनंतर आत घेतलेल्या पाण्यात कोळंबी व मासे वाढतात, आणि बांधाबाहेरची खारफुटी लाटांचा मारा झेलते.

अस्पर्श अरण्यालाच खरा निसर्ग मानणाऱ्या विचाराला माणसाने घडवलेले हे खाजण अडचणीचे ठरते, आणि ते ठरावेच. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी १९८९ मध्ये अमेरिकी अरण्यवादावर घेतलेला आक्षेप येथे पूर्णपणे पटतो. मात्र त्यावरून निसर्गाचे मूल्य माणसाच्या उपयोगापुरतेच आहे, असा निष्कर्ष निघत नाही. खाजणातल्या बगळ्याचे जगणे बांधावर अवलंबून असले, तरी ते बांध घालणाऱ्यासाठी नसते. गावकरी, म्हणजे जमीन सामायिक राखणारी जुनी ग्रामसंस्था, बांधाची निगा सामूहिक कर्तव्य मानीत असे, आणि घेतलेले परत न देता भोगणाऱ्याला चोर ठरवणारा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील यज्ञविचार त्या कर्तव्याच्या फार जवळ येतो. कोळंबीच्या हव्यासापोटी मानस अवेळी उघडे ठेवले, की खारे पाणी शेतात शिरते. तो अन्याय शेजारच्या कुळावर जसा होतो, तसाच हक्क मागू न शकणाऱ्या पाणथळीतल्या जिवांवरही होतो.