बहिर्जींची गोष्ट कुणाच्या हाती द्यावी?

अकोले तालुक्यात, नगर आणि नाशिक जिल्ह्यांच्या सीमेवर पट्टा किल्ला आहे. पट्टेवाडीकडून चढायला तो अवघड नाही. अंबारखाना मागे टाकला की लांबलचक माथा लागतो, समोरच्या डोंगरांवर पवनचक्क्या फिरत असतात आणि वारा असा की शेजारच्याशी बोलायचे तर त्याच्या कानाशी तोंड न्यावे लागते.

नोव्हेंबर १६७९ मध्ये जालन्याची पेठ मारून शिवाजी महाराज परत निघाले. बरोबर लुटीचे ओझे, पाठीवर मोगल. वाटेत संगमनेरजवळ रणमस्तखानाशी गाठ पडली, लढाई झाली, सिधोजी निंबाळकर पडले. मोगलांची आणखी कुमक येत होती. अशा वेळी महाराजांचा हेर बहिर्जी जासूद याने आडवाटेने फौज काढली आणि तीन दिवस, तीन रात्री चालवून पट्ट्याला आणून सोडली. सभासदाच्या बखरीत ही हकीकत आहे. महाराज इथे विसावले म्हणून गडाला विश्रामगड नाव पडले.

दोन हिवाळ्यांमागे भाच्याला घेऊन गेलो होतो. त्याला ही गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ खालच्या खोऱ्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मामा, यावर बाँडसारखी सिरीज का नाही निघत? निघाली तर डिरेक्टर कोण घ्यायचा?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता आले असते, पैसा नाही म्हणून. दुसरा मात्र घरी घेऊन आलो.

माझ्या लहानपणी दिग्दर्शक नावाचा प्राणी आमच्या हिशेबात नव्हता. चार घरांनी मिळून व्हीसीआर भाड्याने आणायचा, रात्रभरात तीन कॅसेट संपवायच्या आणि सकाळी डोळे चोळत शाळेत जायचे. बाँड म्हणजे शॉन कॉनरी किंवा रॉजर मूर. नट बदलला की बाँड बदलतो, इतकी साधी समजूत. ती मोडली 'डॉ. नो'बद्दल वाचताना. १९६२ च्या त्या पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शक टेरेन्स यंग. कॉनरी गरीब घरातला, कधीकाळी दूध पोचवणारा. यंगने त्याला स्वतःच्या शिंप्याकडे नेले, सूट शिवून घेतले, ते कसे अंगावर वागवायचे, कुठे कसे बसायचे हे शिकवले. म्हणजे पडद्यावर आम्ही जो रुबाब पाहत होतो, तो बराचसा यंगचा होता. नट समोर उभा होता, पण हेर कसा असतो हे कुणीतरी आधीच ठरवून ठेवले होते.

मग दुसरी समजूत धरली, की लांब चालणारी मालिका घरातल्या माणसाच्या हाती द्यावी. त्याला दाखला भक्कम होता. जॉन ग्लेन आधी याच मालिकेत संकलक आणि दुसऱ्या तुकडीचा दिग्दर्शक होता. 'द स्पाय हू लव्ह्ड मी'च्या सुरुवातीला बर्फाच्या कड्यावरून उडी आणि मग उघडणारे ब्रिटिश झेंड्याचे पॅराशूट, ते दृश्य त्याच्या तुकडीने टिपले. १९८१ ते १९८९ या काळात त्याने ओळीने पाच बाँडपट केले. बाँडपटांचा इतका मोठा धडाका दुसऱ्या कुणाच्या नावावर नाही. गिरणीत हेल्पर म्हणून लागलेला माणूस मुकादम व्हावा, तशी ही बढती. मला ती फार आवडायची. हाताखाली काम केलेला माणूस घर मोडू देत नाही, असे मी मित्रांना सांगायचो.

'ऑक्टोपसी' पुन्हा पाहिला आणि ते सांगणे थांबले. १९८३ चा हा चित्रपट, उदयपूरला चित्रित झालेला. कबीर बेदी त्यात आहे, विजय अमृतराज आहे. रिक्षाच्या पाठलागात अमृतराज टेनिसच्या रॅकेटने गुंडांना हाणतो आणि भोवतीची गर्दी सामना पाहिल्यासारखी माना डावी-उजवीकडे करते. लहानपणी आम्ही यावर लोळून हसलो होतो. मोठेपणी पाहताना मला त्याच बाजारात खिळ्यांवर झोपलेला माणूस दिसला, निखाऱ्यांवर चालणारा दिसला, तलवार गिळणारा दिसला. भाजी विकणारी बाई मात्र डोळ्यांत भरली नाही. उदयपूरच्या बाजारात कोण कुणाशी काय बोलते, परका माणूस शिरला की पहिल्यांदा कोण मान वर करते, हे चित्रपटाला ठाऊकच नव्हते. परमुलखात गेलेल्या हेराला पहिली गरज असते ती याच गोष्टीची. ग्लेनला उड्या, गाड्या, विमाने सगळे येत होते. त्याने उदयपूर पाहिले ते पाहुण्याच्या डोळ्यांनी, आणि त्यामुळे त्याचा बाँडही पाहुणाच राहिला.

तेव्हापासून हेरपट पाहताना मी एकच गोष्ट शोधतो. हा माणूस बघतो कसा? ऐकतो कसा?

१९८९ नंतर बाँड सहा वर्षे बंद होता. कोर्टकज्जे होते, आणि मधल्या काळात शीतयुद्धही संपले. १९९५ मध्ये मार्टिन कॅम्पबेलच्या हाती 'गोल्डनआय' दिला, तो चालला. अकरा वर्षांनी नव्या नटाला घेऊन सगळे पहिल्यापासून मांडायचे ठरले, तेव्हा 'कसिनो रॉयाल'साठी पुन्हा त्यालाच बोलावले. लोकांना त्यातला सुरुवातीचा पाठलाग आठवतो. मला आठवते ते पत्त्यांचे टेबल. तिथे कॅम्पबेल बराच वेळ बसून राहतो. समोरच्याच्या डोळ्याशी बोट जाते ते का, चेहऱ्यावर काय हलते, एवढ्यावरच सगळा ताण. पाठलागातला बाँड जोरात पळतो, टेबलावरचा बाँड पाहतो. हेर तो दुसरा.

२०१२ च्या 'स्कायफॉल'ला सॅम मेंडीस आला, रंगभूमीतला माणूस. शेवटची लढाई त्याने बाँडच्या बालपणीच्या घरात नेली, स्कॉटलंडच्या ओसाड माळावर. तिथे बाँडला ठाऊक असलेली जमीन, जुना राखणदार आणि घराखालचा बोगदा एवढेच भांडवल. तो भाग पाहताना मला पट्टागड आठवला, खोटे कशाला सांगू. तीन वर्षांनी त्याच मेंडीसने 'स्पेक्टर' केला, त्यात मात्र ती नजर सैल पडलेली वाटली. म्हणजे एकदा योग्य ठरलेला माणूस पुढच्या खेपेलाही योग्य असेल याची खात्री नाही. डॅनी बॉइल तर २०१८ मध्ये चित्रीकरणाआधीच बाजूला झाला. पंचवीस चित्रपट झाल्यावर, जून २०२५ मध्ये, डेनी व्हिलेनव्हचे नाव जाहीर झाले. बाँड कोण होणार हे ठरण्याआधी दिग्दर्शक ठरला. हा क्रम मला बरोबर वाटतो.

आपल्या हिंदीत 'एक था टायगर', 'वॉर', 'पठाण' या मालिकेने दिग्दर्शक बरेच बदलले. कबीर खान, अली अब्बास जफर, सिद्धार्थ आनंद, मनीष शर्मा, अयान मुखर्जी. नावे पाच, पण हेराकडे बघण्याची रीत फारशी बदलली नाही. तिथे हेर लपत नाही, तो अवतरतो. यावर जास्त लिहावे असे मला वाटत नाही.

मराठीत मात्र मोठी गोष्ट घडली. 'फर्जंद' (२०१८), 'फत्तेशिकस्त' (२०१९), 'पावनखिंड' आणि 'शेर शिवराज' (दोन्ही २०२२), 'सुभेदार' (२०२३). शिवराज अष्टकातले हे पाच चित्रपट दिग्पाल लांजेकर यांनी एकट्याने लिहिले आणि दिग्दर्शित केले. एका माणसाने आठ चित्रपटांचा संकल्प सोडावा आणि प्रेक्षकांनी घरातली म्हातारी माणसे घेऊन दरवेळी थिएटर भरावे, हे आपल्याकडे पूर्वी कधी झाल्याचे मला आठवत नाही. या मालिकेत बहिर्जी आहेत. 'फर्जंद'मध्ये ते प्रसाद ओक यांनी केले, 'फत्तेशिकस्त'मध्ये हरीश दुधाडे यांनी. 'फर्जंद'मधली केसर, पन्हाळ्याच्या आतून बातमी काढणारी, अजून डोळ्यांसमोर आहे. साठ मावळ्यांनी गड घेतला हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ते साठ आत शिरण्याआधी आत कुणीतरी जाऊन आलेले असते, हे या चित्रपटाने दाखवले. तरी या मालिकेचा जीव रणात आहे, आणि तो तिथेच असायला हवा. ती मावळ्यांची आणि महाराजांची गाथा आहे. बहिर्जी त्यात येतात, खबर देतात, जातात. खबर मिळवायला घालवलेला महिना पडद्यावर मावत नाही.

बहिर्जींची स्वतःची मालिका काढायची तर तो महिनाच दाखवावा लागेल. वासुदेव, फकीर, गोंधळी अशी सोंगे घेऊन ते फिरत, असे परंपरा सांगते. जन्म नगर तालुक्यातल्या शिंगवे नाईकचा, असेही सांगतात. रामोशी समाजातला माणूस. गावाची राखण ज्यांच्याकडे होती, त्यांतला. रात्री कुत्रे कुठल्या अंगाला भुंकले, कुठल्या वेळी भुंकले, यावरून काय ओळखायचे ही विद्या पिढीजात. असा हेर ज्याला कळेल, तो दिग्दर्शक कोण?

इथे मला श्रीगोंद्याकडचा 'ख्वाडा' आठवतो. गव्हाणेवाडीच्या भाऊराव कऱ्हाडे यांनी स्वतःची जमीन विकून केलेला चित्रपट. रानोमाळ मेंढरे घेऊन फिरणाऱ्या धनगर कुटुंबाची गोष्ट. ६२ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला, आणि प्रत्यक्ष जागेवर टिपलेल्या ध्वनीसाठी महावीर सब्बनवाल यांना दुसरा. मला या दुसऱ्या पुरस्काराचे मोल जास्त वाटते. मेंढरांचा कळप, कुत्री, वारा, लांबून आलेली हाक हे सगळे तिथल्या तिथे ऐकलेले. डोळे मिटून बसलात तरी वाडा कुठल्या बाजूला आहे हे कळते. बहिर्जींचा अर्धा धंदा कानाचा होता.

कऱ्हाडे यांनाच द्या असा माझा हट्ट नाही. त्यांनी हेरपट केलेला नाही, आणि मोठ्या सैन्याचा पसारा सांभाळणे हे वेगळे काम आहे, त्यात लांजेकरांचा हात पाच चित्रपटांत बसला आहे. पण निवड कशावर करावी याबद्दल माझे मत आता पक्के आहे. आधीचा चित्रपट किती चालला, किती घोडे उभे केले, कुठला मोठा नट त्याच्या शब्दावर येतो, हे सगळे नंतर विचारा. त्याने आजवर माणसे कशी पाहिली आहेत आणि जमीन कशी ऐकली आहे, ते आधी तपासा. आणि मालिका लांबली, बहिर्जी म्हातारे झाले, महाराज गेले, स्वराज्यावर औरंगजेब चालून आला, की पुन्हा तपासा. १६६४ च्या सुरतेची खबर काढणारा बहिर्जी आणि १६७९ ला थकलेली फौज अंधारातून काढणारा बहिर्जी, यांना कदाचित दोन वेगळे दिग्दर्शक लागतील.

भाच्याला मी हे सगळे फोनवर सांगितले. तो म्हणाला, "मग मामा, परीक्षा कशी घ्यायची त्याची?"

उद्या कुणी निर्माता ही मालिका मनावर घेणार असेल, तर त्यालाही मी तेच सांगेन जे भाच्याला सांगितले. दिग्दर्शक म्हणून ज्याचे नाव मनात असेल त्याला संगमनेरला बोलवा आणि तिथून पट्ट्यापर्यंत रात्री पायी चालवा. डोंगरवाटा माहीत असलेला अकोल्याचा एखादा माणूस बरोबर द्या. गडावर पोचल्यावर त्याला रात्री काय दिसले हे विचारू नका. काय ऐकू आले ते विचारा, आणि तो किती वेळ सांगत राहतो ते बघा.