मुलांसाठीं म्हणून

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं एका स्नेह्यानें मला विचारलें, "मुलांना घेऊन चार दिवस समुद्रावर जायचें आहे, मुलें रमतील असें एखादें ठिकाण सुचवा." मीं क्षणाचाही विचार न करतां घोलवडचें नांव सांगितलें, आणि पेशानें शिक्षक असल्यामुळें नुसतें नांव सांगून न थांबतां सगळा कार्यक्रमही आंखून दिला. पहिल्या दिवशीं बोर्डीच्या किनाऱ्यावर घोड्यावरची रपेट, दुसऱ्या दिवशीं चिकूच्या वाड्या, तिसऱ्या दिवशीं बाहरोटचा डोंगर, चवथ्या दिवशीं डहाणूचा किल्ला. स्नेही संतुष्ट होऊन गेले. मी मात्र तेव्हांपासून अस्वस्थ आहें. कारण हाच कार्यक्रम दोन वर्षांपूर्वीं मीं स्वतः अमलांत आणूं पाहिला होता, आणि तो ज्या ठिकाणीं मोडला तेथेंच त्या सहलीचें मर्म होतें, हें त्यांना सांगावयास मी विसरलों. विसरलों म्हणण्यापेक्षां सांगण्याचा धीर झाला नाहीं, असें म्हणणें अधिक खरें होईल.

घोलवड हें पश्चिम रेल्वेवरील डहाणू रोडच्या पुढचें लहानसें स्टेशन. तेथून बोर्डीचा किनारा अगदीं जवळ, आणि थोडें उत्तरेस गेलें कीं गुजराथची हद्द लागते. दोन्ही गांवें चिकूच्या वाड्यांत इतकीं गुरफटलेलीं आहेत कीं एक कोठें संपलें आणि दुसरें कोठें सुरू झालें हें परक्यास उमगूं नये. येथल्या चिकूला २०१६ मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. पण हें फळ मुळांत मेक्सिकोकडचें, आणि त्याचें नांवही तिकडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेंतून स्पॅनिश लोकांच्या तोंडीं बसून मग फिरत फिरत आपल्याकडे आलें, हें तें खाणारांपैकीं फारच थोड्यांना ठाऊक असतें. (चिकू झाडावर पिकवीत नाहींत, कच्चाच उतरवून मग पिकवितात, हें ऐकून आमच्या मुलांना तो झाडावर अन्याय वाटला.) किनारा लांबचलांब आणि सपाट, कडेला सुरूचीं झाडें. ओहोटीच्या वेळीं समुद्र इतका मागें हटतो कीं तो गेला कोठें असें मुलांनीं विचारावें. लाटा पाहावयास आलेल्या प्रौढांची अशा वेळीं निराशा होते, आणि मुलांचा खरा समुद्र त्याच वेळीं सुरू होतो.

आम्ही गेलों तेव्हां बरोबर धाकटे बंधु, भावजय आणि त्यांचीं दोन मुलें होतीं. पुतण्या दहा वर्षांचा, पुतणी सहा वर्षांची. घोडेवाल्याला मीं सकाळींच सांगून ठेवलें होतें. ठरल्याप्रमाणें चार वाजतां तो आला, आणि पुतणी कोठें दिसेना. शोधीत गेलों तों ती दूर ओल्या वाळूंत उकिडवी बसलेली. तिच्यापुढें शेंगदाण्याएवढें एक बीळ होतें आणि त्याच्या भोंवतीं वाळूच्या बारीक बारीक गोळ्या किरणांसारख्या पसरल्या होत्या. नखाएवढा खेकडा बाहेर येई, वाळू तोंडांत घाली, तिच्यांतलें खाण्याजोगें असेल तें गाळून घेई आणि उरलेल्या वाळूची गोळी करून बाजूला टाकी. भरती आली कीं ही सारी नक्षी पुसली जाणार आणि पुढच्या ओहोटीला त्यानें ती पुन्हां पहिल्यापासून मांडावयाची. मीं तिला चल म्हटलें. ती मान वर न करतां म्हणाली, "थांबा ना काका, याचें अजून झालें नाहीं."

घोडेवाला खोळंबला होता. त्याचे पैसे ठरले होते. पुतण्या लांबून हांका मारीत होता. मीं तिला दंडाला धरून उठविलें. ती घोड्यावर बसली, आईनें सांगितलें म्हणून हंसलीही, आणि त्या हंसण्याचें छायाचित्र आज आमच्या दिवाणखान्यांत लावलेलें आहे. येणारा प्रत्येक पाहुणा म्हणतो, "किती आनंदांत आहे हो पोर!" मी मान डोलावतों.

यांत एवढें मनाला लावून घेण्यासारखें काय आहे, असें वाचक विचारतील. मुलीला कोणी मारलें नाहीं, उपाशी ठेवलें नाहीं. उलट पैसे खर्चून घोड्यावर बसविलें. मलाही प्रथम तसेंच वाटलें. परंतु त्या रात्रीं झोंप येईना तेव्हां मीं स्वतःलाच एक प्रश्न केला: ती रपेट कोणासाठीं होती? "मुलांसाठीं म्हणून" आपण पुष्कळ गोष्टी करतों, आणि हे दोन शब्द उच्चारले कीं पुढें कोणी कांहीं विचारीत नाहीं. पण मूल घोड्यावर हंसलें नसतें तर मला राग आला असता, ही गोष्ट मला नाकबूल करतां येईना. "एवढा खर्च केला आणि हिचें तोंड पाहा!" हें वाक्य माझ्या ओठांवर तयारच होतें. ज्या देणगीची पोंच न मिळाल्यास देणाराला राग येतो, ती देणगी नव्हे, व्यवहार होय. आणि आम्हीं मुलीच्या हंसण्याची पोंच तर तसबिरींत घालून भिंतीवर लावली आहे.

कोणत्याही मनुष्याला केवळ साधन म्हणून वागवूं नये, असें कांटनें १७८५ मध्यें लिहून ठेवलें, आणि तें मी वर्षानुवर्षें वर्गांत शिकवीत आलों आहें. शिकवितांना उदाहरणें देतों तीं गुलामांचीं, मजुरांचीं, खोटीं वचनें देऊन पैसे उसने घेणारांचीं. आपण चांगले पालक आहों असें स्वतःला पटवून देण्याचें साधन म्हणून मुलाचा उपयोग करतां येतो, हें उदाहरण माझ्या टिपणांत कधींच आलें नाहीं. मात्र येथें एक सावधगिरी बाळगली पाहिजे. मुलाचें सुख पाहून आपल्याला सुख होतें, एवढ्यावरून तें प्रेम स्वार्थी ठरत नाहीं; तसें ठरविणारें तत्त्वज्ञान मला कोरडें वाटतें. दोष सुख होण्यांत नाहीं. मुलाला सुख कशांत व्हावें हें आपण अगोदर ठरवून टाकतों आणि त्याचें स्वतःचें सुख डोळ्यांपुढें चाललेलें असतां तें आपल्याला दिसत नाहीं, दोष तेथें आहे.

समुद्रावर सुटी घालविण्याची कल्पना तशी फार जुनी नाहीं. आपल्याकडे पूर्वीं समुद्रावर जात तें पर्वकाळच्या स्नानासाठीं, नारळी पौर्णिमेला नारळ वाहण्यासाठीं, नाहीं तर पोटासाठीं. विलायतेंत अठराव्या शतकांत डॉक्टरांनीं खाऱ्या पाण्याचें स्नान औषध म्हणून सांगितलें आणि त्यांतून ब्रायटनसारखीं गांवें भरभराटलीं. श्रमिकांची पाळी फार उशिरां आली. फ्रान्समध्यें १९३६ च्या कायद्यानें कामगारांना दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली, तेव्हां कित्येक कुटुंबांनीं समुद्र पहिल्यानेंच पाहिला. पुढें १९६० नंतर स्पेनच्या किनाऱ्यावर युरोपांतील मुलाबाळांच्या कुटुंबांची एवढी रीघ लागली कीं मुलांना गुंतवून ठेवणें हा तेथें एक स्वतंत्र उद्योगच होऊन बसला. सकाळीं हा खेळ, दुपारीं ती शर्यत, संध्याकाळीं विदूषक. आपल्याकडचीं विश्रामगृहेंही आतां तोच कित्ता गिरवूं लागलीं आहेत. या सगळ्यांत घरच्या बाईला सुटी मिळते किंवा नाहीं हा प्रश्न वेगळाच. आमच्या भावजयींनीं घोलवडचे चारही दिवस कपडे वाळत घालण्यांत आणि खाऊचे डबे भरण्यांत घालविले, हें मला परतीच्या गाडींत लक्षांत आलें.

स्पेनचें नांव निघालें म्हणून आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. बालशिक्षणांत क्रांति करणाऱ्या मारिया माँटेसोरी इटलीच्या खऱ्या. परंतु १९१६ पासून १९३६ पर्यंत त्यांचें बिऱ्हाड स्पेनच्या किनाऱ्यावरील बार्सिलोना शहरीं होतें. यादवी युद्ध पेटलें तेव्हां त्यांना तें शहर सोडावें लागलें, आणि १९३९ मध्यें त्या हिंदुस्थानांत आल्या. मुलाला हातीं धरून शिकवूं नका. त्याला योग्य परिसर द्या आणि बाजूला राहून पाहा, हें त्यांच्या सांगण्याचें सार. त्यांच्या विचाराचें बीज आपल्या भूमींत ज्यांनीं रुजविलें त्यांत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक हीं नांवें अग्रगण्य. या दोघांनीं १९२६ मध्यें नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. आणि १९४५ मध्यें ताराबाईंनीं आपलें ग्रामबालशिक्षा केंद्र काढलें तें दुसरीकडे कोठें नाहीं, याच बोर्डीला. अनुताई वाघ तेथें त्यांना येऊन मिळाल्या.

माँटेसोरीबाईंचीं शैक्षणिक साधनें सुबक, मोजूनमापून केलेलीं आणि महाग. खेड्यांतल्या बालवाडीला तीं परवडणारीं नव्हतीं. तेव्हां शिंपले, खडे, बिया, पानें, फुलें हींच साधनें झालीं. मोजावयाचें तें शिंपल्यांनीं. लहानमोठें, जडहलकें, खरखरीत गुळगुळीत ओळखावयाचें तें दगडांनीं आणि पानांनीं. ज्या मुलांना घरचे लोक बालवाडींत पाठवीत ना, त्यांच्यासाठीं बालवाडीच उठून त्यांच्या अंगणांत गेली. तिला अंगणवाडी म्हणूं लागले, आणि आज तो शब्द सरकारी कागदापत्रांत देशभर चालतो. ही हकीकत मला पुस्तकांतून चांगली माहीत होती. ज्या किनाऱ्यावर शिंपला हें शिक्षणाचें साधन ठरलें त्याच किनाऱ्यावर मीं एका मुलीला खेकड्याच्या बिळापासून उठवून भाड्याच्या घोड्यावर बसविलें, आणि तें करतांना मला त्या हकीकतीची आठवणही झाली नाहीं. विद्वत्तेचा उपयोग किती, याचा हा एक नमुना.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. मूल रमलें आहे म्हणून त्याला त्याच्यावर सोडून द्यावयाचें काय? बोर्डीचा किनारा जसा सपाट तशी तेथली भरतीही फसवी. ओहोटीच्या मागोमाग मूल दूर जातें आणि परतणारें पाणी सखल जागांतून केव्हां त्याच्या पाठीमागें शिरतें तें त्याला कळत नाहीं. माझे बंधु याच कारणास्तव मुलांना पांच मिनिटें एकटें सोडीत नसत, आणि त्यांचें चुकत होतें असें मी म्हणणार नाहीं. पण राखण करणें आणि करमणूक करणें या दोन गोष्टी अगदीं निराळ्या आहेत. राखण करणाराला मुलाचें तोंड पाहावयाचें नसतें, पाणी पाहावयाचें असतें. तें काम कंटाळवाणें आहे. त्यांत कोणी आपल्याकडे पाहून हंसत नाहीं, आणि छायाचित्र काढण्याजोगेंही कांहीं घडत नाहीं. म्हणूनच कीं काय, आपण तें काम लौकर टाकून दुसऱ्याकडे वळतों.

दुसऱ्या दिवशीं मीं वाड्यांचा बेत रहित केला. पुतण्याला तें मुळींच आवडलें नाहीं. त्याला घोडाही हवा होता आणि वाडीही, आणि त्याचा हट्ट खोटा होता असें मला म्हणवत नाहीं. त्याला त्याच्या वडिलांबरोबर धाडून मी पुतणीला घेऊन किनाऱ्यानें झाईच्या बाजूला चालत गेलों. झाई हें कोळ्यांचें गांव. तिकडे बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घातलेले होते, आणि सहासात वर्षांची एक मुलगी डोक्यावर टोपली घेऊन मांडवापासून घराकडे आणि घरापासून मांडवाकडे खेपा घालीत होती. पुतणीनें बराच वेळ तिच्याकडे पाहिलें आणि मला विचारलें, "तिला सुटी नाहीं का, काका?"

मुलांना विश्रांतीचा आणि खेळाचा हक्क आहे, असें संयुक्त राष्ट्रांनीं १९८९ च्या करारांतील एकतिसाव्या कलमांत मान्य केलें आहे, आणि भारतानें १९९२ मध्यें त्या कराराला संमति दिली आहे. हें सहा वर्षांच्या मुलीला सांगून उपयोग नव्हता. सांगण्यासारखें अधिक कांहीं असेल तर तें कोसबाडचें होतें. बोर्डीचें केंद्र १९५६ च्या सुमारास जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलें, तेव्हां वारल्यांचीं मुलें शाळेंत येत नाहींत याचें कारण ताराबाईंनीं आणि अनुताईंनीं मुलांच्या आळसांत शोधलें नाहीं. मुलें गुरें राखीत होतीं. म्हणून शाळा कुरणांत नेली. मुली कडेवर धाकटें भावंड सांभाळीत होत्या. म्हणून शाळेला लागूनच पाळणाघर काढलें. त्या बायांनीं मुलांचें काम एका दिवसांत थांबविलें नाहीं, तें त्यांच्या हातांत नव्हतें. कामाच्या मधोमध मुलाला थोडी मोकळी जागा करून दिली. आमच्या पुतणीला मीं नको असतां घोडा दिला. त्या मुलीला जी गोष्ट हवी असेल ती कोणती, हें विचारण्याचा अधिकारही मला होता कीं नाहीं, कोण जाणे. मीं एवढेंच म्हटलें, "तिच्या घरचें काम असेल." पुतणीचें त्यानें समाधान झालें नाहीं.

ओहोटी लागली होती. पुतणीनें एक बीळ हुडकून काढलें आणि ती त्याच्याशीं बसली. राखणदार म्हणून मीही मागें उभा राहिलों. बराच वेळ झाला, खेकडा कांहीं वर येईना. इतक्यांत ती टोपलीवाली मुलगी रिकामी टोपली कमरेवर घेऊन आमच्याजवळ येऊन थांबली. थोडा वेळ तिनें बिळाकडे पाहिलें, मग माझ्याकडे.

"काका, जरा बाजूला व्हा," ती म्हणाली. "तुमची सावली पडते. सावली पडली कीं तो येत नाहीं."

मी चार पावलें मागें सरलों. टोपली वाळूंत ठेवून ती पुतणीच्या शेजारीं बसली. दोघी कांहींच बोलत नव्हत्या. खेकडा आला, आंत गेला, पुन्हां आला. गोळ्यांची पहिली ओळ उमटली. मीं घड्याळ पाहिलें नाहीं, पण दहाएक मिनिटें गेलीं असतील. मग मांडवाकडून तिच्या आईची हांक आली. दुसऱ्या हांकेला ती उठली, टोपली उचलली आणि गोळ्यांवर पाय पडूं न देतां वळसा घालून निघून गेली.