गजर आणि घड्याळ

तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम हलवून वरवंडला येते, पाटस मागं टाकते आणि रोटी घाट चढून गेली की पुढं दौंड तालुका सुटतो. या वाटेवरच्या दिंड्यांचं भजन आता मोबाइलवर टिपलं जातं. भीमेपलीकडे शिरूर तालुक्यातल्या सप्ताहांतला हरिपाठही तसाच. हे रेकॉर्डिंग ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतलं की पडद्यावर उभ्या रेघांची जाळी आधीच आखलेली असते. बहुतेक सॉफ्टवेअर मिनिटाला 120 ठोके धरून चालतं. गजर त्या रेघांवर बसत नाही, तो सावकाश सुरू होतो आणि चढत जातो. मग दोन वाटा उरतात. पहिली, आवाज ताणून-आखडून प्रत्येक ठोका रेघेवर ओढून आणायचा. दुसरी, टाळाच्या एकेका ठोक्यावर खूण करत जायचं आणि जाळीलाच गजरामागून वाकवायचं. या दुसऱ्या कामाला टेम्पो मॅपिंग म्हणतात. लॉजिक प्रोसारख्या सॉफ्टवेअरमध्ये 2018 पासून ही निवड उघड समोर ठेवलेली असते: वादनानं प्रकल्पाची लय पाळायची, की प्रकल्पानं वादनाची. हा केवळ बटणाचा प्रश्न नाही. काळ आधीपासून आखलेला असतो आणि आपण त्यात गातो, की गाणाऱ्यांच्या मधोमध तो घडत जातो, हा प्रश्न तिथं दडलेला आहे. भजनापुरतं तरी दुसरं उत्तर खरं आहे आणि पहिल्या वाटेनं गेलं तर गजरातला भक्तीचा भागच पुसला जातो, असं माझं म्हणणं आहे.

खूण करण्याचं काम बारकाईनं पाहिलं की पहिला पुरावा हाती येतो. दोन ठोक्यांत पाऊण सेकंदाचं अंतर असेल तर लय 80, अर्ध्या सेकंदाचं असेल तर 120. एकट्या ठोक्याला लयच नसते. पुढचा ठोका पडेपर्यंत आकडा काढता येत नाही. वैशेषिकांनी काळ हे एक, नित्य, सर्वव्यापी द्रव्य मानलं. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यानं मात्र वेगळी भूमिका घेतली: क्षण खरा, पण दोन क्षण कधीच एकत्र नसतात, त्यांची माळ बुद्धी ओवते. टेम्पो मॅप हे त्या ओवण्याचं दिसणारं रूप आहे. आणि दिंडीत ओवणारी बुद्धी एकट्याची नसते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. पखवाजापासून 34 मीटर मागं चालणाऱ्या टाळकऱ्याला थाप सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी उशिरा ऐकू येते. लय 120 असेल तर हा मात्रेचा पाचवा हिस्सा झाला. मग मात्रा नेमकी कधी पडली? पुढच्यासाठी एका वेळी, मागच्यासाठी दुसऱ्या. घड्याळाच्या अर्थानं सर्वांची म्हणून एकच मात्रा तिथं नसतेच, तरीही दिंडी एका लयीत चालते. ती एकता बाहेरून आलेली नाही. शेजाऱ्याच्या टाळाकडे, पुढच्याच्या पावलाकडे लक्ष देत प्रत्येकजण स्वतःला किंचित सरकवतो, तेव्हा ती होते.

यावर पहिला आक्षेप खुद्द वादकांचाच येईल. लय पळणं हा दोष आहे, पखवाज्याला त्याबद्दल बोलणी खावी लागतात, मग त्या पळण्याला अध्यात्म कशाला चिकटवायचं? आक्षेप रास्त आहे. पण परंपरेनं लय बदलण्याला कधीच सरसकट दोष मानलं नाही. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयानं शार्ङ्गदेवानं ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यातल्या तालाध्यायात लय कशी वाहावी याच्या नियमाला यति म्हटलं आहे: आरंभापासून अंतापर्यंत एकसारखी ती समा, विलंबितातून द्रुताकडे जाणारी स्रोतोगता, द्रुताकडून विलंबिताकडे येणारी गोपुच्छा. आपला गजर स्रोतोगतेच्या कुळातला आहे. बदल तिथं शास्त्रातच धरलेला आहे. लय पळणं मात्र निराळं. आणि हा फरक दाखवायला मॅपइतकं चांगलं साधन दुसरं नाही. लय सर्वांनी मिळून वाढवली असेल तर आलेख वर जातो, पण टाळ आणि पखवाज यांच्यातलं अंतर होतं तेवढंच राहतं, कारण ते चालण्याच्या जागेमुळे पडलेलं असतं. कोणी पळाला असेल तर ते अंतर ठोक्यागणिक वाढत जातं. सरळ केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये या दोन्ही गोष्टी एकसारख्याच नाहीशा होतात. दोष झाकला जातो आणि गुणही.

दुसरा आक्षेप अधिक भारी आहे, आणि दौंडला तो समजावून सांगावा लागत नाही. 1878 मध्ये मनमाडचा मार्ग सुरू झाला आणि दौंड जंक्शन झालं. गावोगावच्या सूर्यावर गाड्या चालवता येत नाहीत. म्हणून रेल्वेनं मद्रासची वेळ धरली, 1906 पासून भारतीय प्रमाणवेळ आली, आणि तिच्याहून 39 मिनिटं मागं असलेली मुंबईची वेळ पुढं कित्येक वर्षं टिकूनही शेवटी गेली. सामायिक काळ आखल्याशिवाय माणसं एकत्र येऊ शकत नाहीत, असं यावरून म्हणता येईल. मला यातून उलटं दिसतं. आखलेला काळ लागतो तो एकमेकांना न दिसणाऱ्यांना: मनमाडच्या आणि दौंडच्या स्टेशन मास्तरांना, किंवा आज पखवाज आणि आठवड्यानं गळा रेकॉर्ड करणाऱ्या कलाकारांना. तिथं क्लिक, म्हणजे यंत्राचा आखीव ठोका, हवीच, तिला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दिंडीत मात्र माणसं खांद्याला खांदा लावून असतात. वारकरी भेटले की वय, मान काही न पाहता एकमेकांच्या पाया पडतात. टाळकरी शेजाऱ्यासाठी आपला ठोका सरकवतो, त्यात तेच नमन कानांना ऐकू येतं. रोटीच्या चढावर श्वास आखूड होतो, पावली मंदावते, तिच्याबरोबर ठेकाही खाली येतो. दमलेल्यासाठी दम असलेला थांबतो. जाळीवर बसवलेल्या गजरात प्रत्येकजण यंत्राला नमतो, कोणी कोणाला नमत नाही.

देव ठोके मोजत नाही, भाव असला की झालं, असंही म्हटलं जाईल. देवाच्या बाजूनं ते मान्यच आहे. पण विष्णुबुवा जोगांनी 1917 मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून तरी आपण भजन शिकवण्याची गोष्ट मानतो, आणि आज खेड्यातला मुलगा पखवाज मोबाइल ऐकूनही शिकतो. त्याला सरळ केलेला गजर दिला तर लय बाहेरून येते आणि आपण ती पाळायची, एवढंच तो शिकेल. सप्ताहाचं मूळ रेकॉर्डिंग जसंच्या तसं ठेवून, त्यावर ठोक्याठोक्याचा मॅप करून, त्या मॅपबरहुकूम चढणारी-उतरणारी क्लिक त्याला सरावासाठी द्यावी. मग यंत्राचा ठोकाही त्याला टाळकऱ्यांच्या मागं जाताना ऐकू येईल, आणि कुठं, कोणाबरोबर, किती वाढायचं हे त्याचे हात त्या गावच्या भजनी मंडळाकडूनच शिकतील.