दाखविलेला देव

एका दिवसात मुंबई दाखवून देण्याचा मक्ता घेतलेल्या ज्या बसगाड्या सकाळी दादरहून निघतात, त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत हँगिंग गार्डन, राणीचा बाग आणि महालक्ष्मी ही नावे सारख्याच अक्षरांत एकाखाली एक छापलेली असतात. आणि ‘महालक्ष्मी, वीस मिनिटं!’ असा गाईडचा पुकारा झाला की धर्मनिष्ठ मनुष्य मनात चरफडतो. हा आक्षेप मला नेहमीच उतावीळपणाचा वाटत आला आहे. वेळेचाच हिशेब मांडावयाचा, तर लालबागच्या राजाच्या रांगेत रात्रभर तिष्ठलेल्या भाविकाच्या वाट्याला चरणाशी येतात ते जेमतेम काही क्षण. आणि आषाढीच्या गर्दीत गाभाऱ्यापर्यंत पोचू न शकलेला वारकरी कळसाला हात जोडून पंढरीहून परततो, तरी त्याची वारी अपुरी राहिली असे कोणी म्हणत नाही. प्रभादेवीवरून जाताना सिद्धिविनायकाचा सोनेरी कळस दिसतो, गाईड १८०१ सालापासूनचा इतिहास सांगू लागतो, आणि ड्रायव्हरचा उजवा हात चाकावरून सुटून छातीला लागतो व लगेच पुन्हा चाकावर येतो. त्या गाडीत त्या वेळी देव भेटला असेल तर तो बहुधा त्या ड्रायव्हरलाच.

मग सहलीचे पाहणे आणि देवाचे दर्शन यांत भेद कशात आहे? त्याचा शोध घ्यावयाचा तर गेटवेहून लाँचने घारापुरीस जावे. तेथील महेशमूर्ती, सुमारे १८ फूट उंचीची, मिटल्या डोळ्यांची, अशी आहे की तिच्यापुढे आलेला बडबड्या प्रवासीही आपोआप आवाज उतरवितो. परंतु पूजेअर्चेवाचून राहिलेल्या त्या लेण्याचा कारभार पुरातत्त्व खात्याकडे आहे, तिकिटाशिवाय प्रवेश नाही आणि सोमवारी लेणे बंद. महाशिवरात्रीला मात्र त्याच धक्क्यावर, त्याच पायऱ्यांवर निराळीच माणसे दिसतात: हातात बेलाची पाने व तांब्या घेतलेली, आणि महेशमूर्तीकडे वळण्याआधी चार द्वारांच्या गाभाऱ्यातील लिंगाकडे जाणारी.

याच शिवाचे दुसरे रूप परळला आहे, आणि ते पाहावयास फारसे कोणी जात नाही. १९३१ साली रस्त्याचे काम चालू असता एक प्रचंड शिळा सापडली. दोन पुरुष उंचीची, फिकट रंगाची, एकातून एक उमलणाऱ्या सात शिवाकृतींची. तळाशी वाद्ये घेतलेले गण बसले आहेत. तज्ज्ञ तिला पाचव्या-सहाव्या शतकातील मानतात. तिची प्लास्टरची प्रतिकृती संग्रहालयात गेली. मूळ शिळा मात्र परळ गावच्या बारादेवीच्या देवळात हार-फुले घेत उभी आहे. तिच्यापुढे वात लावणाऱ्या बाईला गुप्तकाल ठाऊक नसेल, आणि नसला म्हणून तिचे काही अडतही नाही.

यावरून त्या बाईची दृष्टी खरी आणि घारापुरीच्या प्रवाशाची खोटी, असा निवाडा देण्यास मी धजत नाही. विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त रसास्वादाला ब्रह्मास्वादाचा सहोदर म्हटले आहे, आणि महेशमूर्तीपुढे ज्याची वाचा बंद झाली त्याने त्या सहोदराचा उंबरठा ओलांडला नाही असे कोणत्या तोंडाने म्हणावे? पण सहोदर झाले तरी दोघांची दफ्तरे निराळी. सौंदर्य पाहून मनुष्य तृप्त होतो व मोकळा होतो. देवाला पाहून आलेला मनुष्य बांधला जातो. त्याने नवस बोललेला असतो, कबूल केलेला उपवास असतो, घरच्या आजाऱ्यासाठी शब्द टाकलेला असतो, आणि तो शब्द फिरला तर देवाशी भांडण्याचा हक्कही असतो. सहलीच्या तिकिटात हे देणेघेणे धरलेले नसते. त्यात गाईडचा दोष नाही. तो साल सांगू शकतो, दुसऱ्याच्या वतीने नवस बोलू शकत नाही.

तेव्हा परळची शिळा सहलीच्या यादीत घालावी काय? माझे मत, जरूर घालावी. मात्र बस मोठ्या रस्त्यावर उभी करावी, शिवाच्या सात रूपांविषयी जे सांगावयाचे ते गाईडने देवळाबाहेरच सांगून टाकावे, आणि आत एखादी बाई नैवेद्य घेऊन उभी असेल, तर तिचे आटोपेपर्यंत पाहुण्यांनी तिच्या मागे थांबावे, मग वीस मिनिटांची चाळीस झाली तरी चालतील.